एक नंबरची खोली

सिंदी मेघेत त्या काळी माणसं कमी आणि घरमालक जास्त होते. सावंगीला कॉलेज आणि दवाखाना वाढायला लागला, तशी आमच्या टापूत ज्याच्याकडे चार विटा उरल्या त्यानं खोली बांधली, आणि ज्याची खोली झाली तो रातोरात मालक झाला. कालपर्यंत सायकलच्या कॅरिअरवर दळण नेणारा माणूस आज गेटात कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि किरायानं खोली मागायला आलेल्याला वरून खाली असा न्याहाळायचा, की बैलबाजारच आठवावा. दात तेवढे उचकून पाहायचे बाकी ठेवत. बांधकाम म्हणाल तर पावसाळ्यात भिंतीला हात लावला की पोपडा हातात यायचा. पण मालकाचा तोरा असा, की जणू खोली देत नाही, पोरगी देतो आहे.

आज माझ्याही घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या किरायानं आहेत, त्यामुळे बाईला दुसरी बाजू ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. चांगली ठाऊक आहे. नळ उघडा टाकून गावाला जाणारी पोरं, भिंतीला खिळे ठोकून तिची चाळणी करणारी बिऱ्हाडं, दिवाळीला जातो म्हणून कायमचे गेलेले महाभाग, सगळे माझ्या वाट्याला आले. तरी त्या वेळच्या मालकांबद्दलचं माझं मत बदललं नाही. उलट स्वतः मालकीण झाल्यावर ते जास्तच पक्कं झालं.

मी नर्स होते, नोकरी सावंगीला. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, त्याबद्दल इथे एवढं पुरे. सोबत माय होती. मायचे डोळे काचबिंदूनं गेलेले. अल्लीपूरला राहत होती तेव्हा तिनं आपलं दिसणं कमी होतंय हे कोणाला कळूच दिलं नाही, शेतात निंदायला जात राहिली, आणि मला कळलं तोवर दोन्ही डोळ्यांचा कारभार आटोपला होता. नर्सची आई आंधळी, हे ऐकून लोकांना मोठी गंमत वाटायची. तुम्ही दवाखान्यात असून असं कसं, असं विचारणारा एक तरी शहाणा रोज भेटायचा.

खोली पाहायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा. आमचं आडनाव असं, की त्यावरून काही बोध होत नाही, ते सगळ्या लोकांत सापडतं. त्यामुळे मालकांची पंचाईत व्हायची. जात सरळ विचारायची लाज, आणि विचारल्याशिवाय जेवण जात नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मग मूळ गाव कोणतं, गावात घर कोणत्या अंगाला, कुलदैवत कोणतं. एका बाईनं तर विचारलं, देव कुठे मांडाल, पूर्वेला की उत्तरेला? मी सांगितलं, आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे, ती कुठल्याही दिशेला बसते. त्याबरोबर बाईंना आठवलं, की ती खोली भाच्यासाठी राखून ठेवलेली आहे. त्या वर्षी सिंदी मेघेतल्या प्रत्येक मालकाकडे एकेक भाचा राहायला येणार होता. एकही आलेला मी पाहिला नाही.

मग काकाजी भेटले. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि घरामागच्या अंगणात समोरासमोर दोन रांगांत बांधलेल्या आठ खोल्या. लहानथोर सगळे त्यांना काकाजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकी. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि ते कुलदैवतापर्यंत पोचायच्या आत मीच आपली जात आणि धर्म दोन्ही सांगून टाकलं, कारण मला ड्यूटीवर जायचं होतं. काकाजी थोडा वेळ गेटाच्या कडीशी खेळत राहिले. मग त्यांनी विचारलं, सिस्टर, तुम्हाले बीपी पाहता येते काय? काकींना बीपी होता, काकाजींना साखर. दोघांची सोय घरच्या घरी होते आहे म्हटल्यावर आमचा धर्म त्यांना जरा हलका वाटला असावा. आठ नंबरची खोली मिळाली. रांगेच्या पार टोकाची, संडासाला लागून.

काकाजींबद्दल एक चांगली गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणानं बोलता येईल. त्यांनी पाण्याला कधी कमी केलं नाही. भर मे महिन्यात, सगळ्या वस्तीची बोअर आटलेली असताना, काकाजींचा पंप दोन वेळ चालायचा आणि किरायदारांचे ड्रम भरायचे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात एवढ्या गुणावर माणूस पुष्कळ सहन करतो. आम्हीही केलं.

आता त्यांचा नियम. काकाजींना दुनियेत एकाच गोष्टीची भीती आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि ती म्हणजे किरायदार. त्यांच्या कोण्या साडूचं बाजारातलं दुकान किरायदारानं दाबलं होतं म्हणे, आणि कोर्टात खेटे घालता घालता साडू वर गेला, किरायदार तिथेच. तेव्हापासून काकाजींनी कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाला गुरू केलं. अर्ज लिहून देता देता हा माणूस अर्धा वकील आणि पूर्ण ज्योतिषी झालेला. त्यानं सांगितलं, की एका खोलीत किरायदारानं सलग वर्ष काढलं की खोली त्याच्या अंगावर चढते, मग ब्रह्मदेव आला तरी उतरत नाही. म्हणून अकरा महिन्यांचा कागद करायचा, आणि अकरा महिने झाले की माणूस हलवायचा. पण चांगला किरायदार घालवायचा कसा? त्यावर काकाजींनी आपली अक्कल चालवली. किरायदार घालवायचा नाही, सरकवायचा.

म्हणजे काय, तर दर अकरा महिन्यांनी एका रविवारी आठही खोल्यांतलं सामान अंगणात निघायचं. पलंग, कूलर, सिलिंडर, टीव्ही, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, देव्हारे. दोननं एकात जायचं, तीननं दोनात, असं. काकाजी निंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि नव्या खोलीच्या नव्या कागदावर एकेकाची सही घ्यायचे. कागदानुसार आम्ही सगळे त्या दिवशी जगात पहिल्यांदाच तिथे राहायला आलेलो असायचो. पुढे मी एका वकिलाला हा प्रकार सांगितला तर तो पोट धरून हसला. त्या वेळी मात्र शिकलेसवरले लोक, त्यात एक मास्तर आणि एक बँकेतला बाबू, मुकाट्यानं डोक्यावर गाद्या घेऊन या दारातून त्या दारात जायचे. पाणी दोन वेळ मिळत होतं ना.

आमची अडचण वेगळी होती. मायनं आठ नंबरची खोली हातांनी पाठ केली होती. दारातून आत आलं की उजव्या हाताला ओटा, ओट्यावर शेगडी, शेगडीमागे कोनाडा, कोनाड्यात काडेपेटी. पलंगाचा कोपरा कुठे लागतो, मोरीची पायरी कुठे उतरते, चहापत्तीचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता, हे तिच्या बोटांना माहीत होतं. अंगणात कपडे वाळत घालायची तार होती, तिला धरून ती नळापर्यंत एकटी जायची, तिलाच धरून परत यायची. मी ड्यूटीवरून आले की चहा तयार असायचा. डोळस माणसांच्या घरी सुई सापडत नाही, आमच्या घरी सापडायची. डोळे गेल्यावर माणूस दुसऱ्याच्या हातचं बाहुलं होतं असं मी दवाखान्यात रोज पाहत होते. माय झाली नव्हती, आणि त्याचं कारण ती चार भिंतींची खोली होती.

पहिले अकरा महिने संपले आणि काकाजींनी आम्हाला आठातून सातात सरकवलं. बाहेरून दोन्ही खोल्या सारख्याच. पण मिस्त्रीनं पाइप वाचवायला मोऱ्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या, त्यामुळे सातातलं सगळं आठाच्या उलटं. ओटा डावीकडे, मोरी उजवीकडे, पायरी भलतीकडेच. मायचे हात जुन्या खोलीतच होते. दुसऱ्याच आठवड्यात तिचा कोपरापर्यंतचा हात शेगडीवर भाजला, आणि तो भरतो न भरतो तोच मोरीच्या पायरीवरून पडली. मी काकाजींकडे गेले. म्हटलं, बाकी काही सवलत नको, फक्त मायला एका खोलीत राहू द्या, वाटल्यास कागद दर महिन्याला नवा करा, मी सह्या करते. काकाजींनी ऐकून घेतलं, हळहळ केली, काकींना सांगून एक वाटी आंब्याचं लोणचं दिलं, आणि नाही म्हणाले. आज आंधळी म्हणून एकाला सोडलं तर उद्या लंगडा उभा राहील, परवा मास्तर म्हणेल मला कमरेचा त्रास आहे. नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांचं म्हणणं.

अकरा महिन्यांनी पुन्हा सामान निघालं. मी मनाशी म्हटलं, आता सातातून सहात, म्हणजे पुन्हा नवी खोली. तर काकाजींनी आम्हाला परत आठात पाठवलं. मला वाटलं, बरं झालं, जुनीच खोली. कसलं बरं? मायच्या डोक्यात आता दोन खोल्या एकमेकींत मिसळल्या होत्या. हात उजवीकडे जायचा, थांबायचा, डावीकडे जायचा, पुन्हा थांबायचा. तिनं शेगडीला हात लावणं सोडलं. तार धरून नळावर जाणं सोडलं. मी ड्यूटीवरून येईपर्यंत ती पलंगाच्या कडेवर मांडीत हात ठेवून बसून राहायची, आणि मी आले की विचारायची, वाजले किती. शेतात आयुष्य काढलेली बाई ती. अशी बसलेली मला पाहवत नव्हती. पुन्हा एकदा जर तिला सातात ढकललं तर ही कायमची बसणार, हे मला दिसत होतं. त्यासाठी नर्स असायचीही गरज नव्हती.

आणि मग माझ्या लक्षात आलं, ते आधीच यायला हवं होतं. बाकीची बिऱ्हाडं एक ते सहा अशी गोल फिरत होती. आम्ही मात्र सात-आठ, आठ-सात. आमच्या शेजारच्या खोलीत कायम कॉलेजची पोरं, ती तशीही टिकायची नाहीत, त्यांच्याशी आमची अदलाबदल. नियम सगळ्यांना सारखा, पण आमच्यापुरता त्याचा घेर आखूड.

खुलासा काकींनी केला. मी त्यांचा बीपी पाहत होते, दंडाला पट्टा बांधलेला, आणि मी सहज म्हटलं, की आमची पाळी एक नंबरपर्यंत कधी येते ते पाहायचं. एक नंबर म्हणजे सगळ्यांत चांगली खोली. दारात निंबाची सावली, नळ हाकेवर, खिडकीला कूलर लावायची जागा. काकी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "एकात तुम्ही आल्या तं पंचाईत होईन न सिस्टर. पलीकडं आमचं देवघर हाय. भिंत एकच." ऊन वाढलं म्हणावं तसं म्हणाल्या. मनात काही नव्हतं बिचारीच्या. मी पट्टा गरजेपेक्षा जरा जास्त फुगवला, एवढंच.

त्या दिवशी मला काकाजींची दुसरी भीती कळली. काकाजींना साखरेच्या इंजेक्शनची सुई माझ्या हातची चालत होती, ती थेट कातडीखाली जायची. पण विटेच्या भिंतीतून आमचा विटाळ देवाला लागत होता. देवही नाजूकच असले पाहिजेत, सर्दी झाल्यासारखे. मला इतका संताप आला, की सायकलवर सावंगीला जाताना मी वाटेत मोठ्यानं बोलत होते आणि समोरून येणारे लोक बाजूला होत होते. पण संतापाच्या तळाशी एक युक्ती सापडली. दोन गोष्टींची भीती असलेल्या माणसाला एका भीतीवर दुसरी सोडता येते.

पुढचा सरकायचा रविवार आला. आमचं सामान आठातून बाहेर काढून मी अंगणात रचलं आणि मायला ट्रंकेवर बसवलं. काकाजी खुर्चीवर, पुढ्यात कागद. सातची किल्ली त्यांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"काकाजी, तुमचा नियम चांगला हाय," मी म्हटलं. "मले फक्त तो पुरा पाह्यजे. सगळे एक नंबरात राहून आले. आता आमची पाळी. एकची किल्ली द्या."

अंगणात गाद्या उचललेली माणसं गाद्यांसकट थांबली. मास्तर म्हणाले, तसं पाहिलं तर बरोबर आहे, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं तसे ते पुन्हा गादीखाली गेले. मला एक नंबर नको होती, हे स्पष्ट सांगते. मला मायसाठी आठ पाहिजे होती. काकाजींनी एक तर आम्हाला देवघराच्या भिंतीला आणून ठेवावं, नाही तर आमच्यापुरता अकरा महिन्यांचा नियम मोडावा, तिसरी वाट मी ठेवली नव्हती. खोली सोडायची म्हणाले असते तर त्यांच्या नव्या कागदाचा नमुना घेऊन कोर्टात जाईन, असंही मी आधीच मास्तरांच्या कानावर घातलं होतं. मास्तरांच्या कानावर घातलेलं काकाजींना कळायला चहा उकळण्याएवढासुद्धा वेळ लागत नसे.

काकाजींची स्थिती धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. ते उठले, स्कूटर काढली आणि अर्जनवीसाच्या घरी गेले. तासाभरानं आले तेव्हा चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की सिस्टर, तुम्ही आठातच राहा, कायमच्या राहा, तुम्हाला कधीच सरकवणार नाही, कारण म्हातारीचे हाल आता आपल्याच्यानं पाहवत नाहीत. दोन वर्षं पाहवले होते. त्या रविवारी एकाएकी पाहवेनासे झाले.

बाप्पा, मग जे कौतुक सुरू झालं! अंगणातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बँकेतल्या बाबूनं काकाजींचा हात हातात घेतला. पुढे कितीतरी दिवस दुकानात कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही काकाजी ही गोष्ट सांगत, की आपल्याकडे एक आंधळी म्हातारी आहे, आपण तिच्यासाठी नियम मोडला. देवळात कोणीतरी त्यांना नारळ दिला.  मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. आयुष्यभर जपलेला कायद्याचा धाक या माणसानं एका भिंतीपायी सोडून दिला, हे पाहून मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

संध्याकाळी मी गोरसपाक आणला, गाईच्या तुपातलं वर्ध्याचं बिस्किट. मायच्या हातावर ठेवला आणि झालेली सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, काकी काय म्हणाल्या, मी काय डाव टाकला, काकाजी कसे अडकले. आता ही खोली तुझी, म्हटलं, कोणी हलवत नाही. मायनं ऐकून घेतलं. गोरसपाक तसाच हातात.

"अन एक नंबर?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ती कोणाला पाहिजे होती?

"मले पाह्यजे होती," माय म्हणाली. "छप्पन साली नागपूरले मी पायी गेलती. तुही मोठी बहीण कडेवर. ते काय संडासाजवळची खोली पक्की कराले गेलती काय? खोलीचं काय, हातानं पाठ होते. पुन्हा पाठ केली असती. हात भाजला असता तं भाजला असता. तो म्हणते, भिंतीले भिंत नको. अन तू हो म्हणून गोरसपाक घेऊन आली."

मी चिडले. तुझ्यासाठीच केलं, म्हटलं, रोज पलंगावर बसून राहायचीस ती कोण होती? माय म्हणाली, माझ्यासाठी केलं म्हणूनच तिला राग आहे, दुसऱ्या कोणासाठी केलं असतं तर ती बोललीही नसती. मग तिनं गोरसपाक खाल्ला. 

खोली तिला हळूहळू परत आली. हात थांबेनासे झाले, शेगडी पेटायला लागली, तार धरून ती नळावर जायला लागली. मी ड्यूटीवरून आले की पुन्हा चहा तयार. माझं म्हणणं खरं ठरलं असं मला वाटत होतं, आणि मी ते दोनतीनदा बोलूनही दाखवलं. माय तेवढ्यात कपबश्या विसळायला घ्यायची.

पुढचा सरकायचा रविवार उजाडला. आमचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता, म्हणून मी आरामात केस धूत होते. बाहेर आले तर माय अंगणात. आपली ट्रंक तिनं एकटीनं ओढत दाराबाहेर आणलेली, त्यावर गाठोडं बांधून ठेवलेलं, कोनाड्यातल्या काडेपेटीपासून चहापत्तीच्या डब्यापर्यंत सगळं त्यात. पाठ केलेली खोली तिनं हातानं उपसून बाहेर मांडली होती. आणि काकाजींच्या खुर्चीच्या दिशेनं तोंड करून ती म्हणत होती, "काकाजी, एक नंबर उघडा."

काकाजींनी तिला प्रेमानं समजावलं. पुष्कळ समजावलं. आठ तुमची आहे, सवयीची आहे, या वयात कशाला त्रास. माय ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. आवाज चढवला नाही, रडली नाही, देवाचं नाव काढलं नाही. काकाजींना तिला घालवता येईना, कारण त्यांच्याच गुरूच्या हिशेबानं वर्ष उलटून आठ नंबर आमच्या अंगावर चढलेली होती. आणि एक उघडता येईना. अंगणातल्या ज्या बायकांनी मागच्या खेपेला डोळे पुसले होते, त्या आता म्हणाल्या, म्हातारीला बोट दिलं तर हात धरते. मास्तर गादीखालून बाहेरच आले नाहीत. मी मायशेजारी जाऊन ट्रंकेवर बसले, ओल्या केसांनी. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकाजी उठले, एक नंबरात आलेलं बिऱ्हाड त्यांनी दुसरीकडे वळवलं, आणि त्या खोलीला कुलूप लावलं. देवाचं सामान ठेवायचं आहे, म्हणाले.

कसलं देवाचं सामान? दुकानातले पोचे पडलेले हंडे आणि बुडं गेलेल्या कढया आणून टाकल्या त्यात. सावंगीची पोरं तेव्हा खोली मिळेना म्हणून गच्चीवर पत्रे टाकून राहत होती, कितीही किराया द्यायला तयार होती, आणि काकाजींची सगळ्यांत चांगली खोली फुटक्या कढयांनी भरलेली. पुढे कितीतरी वर्षं ती तशीच राहिली. सरकायचा नियमही त्यानंतर मोडीतच निघाला, कारण गोलातली एक खोली गेल्यावर कोणी कुठे जायचं ते कोणालाच समजेना. माय आठातच राहिली. सकाळी तार धरून नळावर गेली की चार पावलं पुढे जाऊन ती एक नंबरचं कुलूप हातानं चाचपून पाहायची. परत आल्यावर मला सांगायची, हाय अजून. मग चहा टाकायची.

ती गेली ती त्याच खोलीत, झोपेत. काकाजी भेटायला आले. एवढ्या वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या दिवशीही ते बाहेरच उभे राहिले आणि म्हातारी पुण्यवान होती म्हणाले. मी तोवर माझ्या घराचं छत टाकलं होतं. महिना भरला तशी मी टेम्पो बोलावला आणि आठची किल्ली द्यायला त्यांच्याकडे गेले.

काकाजी किल्लीकडे पाहतच राहिले. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली तो किरायदार समोर उभा राहून आपणहून किल्ली देतो आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. थट्टा नव्हती ती, माणूस खरोखर गोंधळला होता.

"कायले सोडता, सिस्टर?" ते म्हणाले. "इतके वर्षं झाले. आता तं कायद्यानं ते खोली तुमचीच झाली."

"आम्ही एक नंबर मागितली होती, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली घेतली. टेम्पोवाला घाई करत होता, मी जाऊन त्याच्याशेजारी बसले.